लाल दिवा लागला की घसा का सुकतो?
(निवेदन वर्गात प्रवेश घेणाऱ्यांसाठी माहिती)

उच्चार स्वच्छ आहेत, घरी वाचताना कुठे अडत नाही. पण स्टुडिओतला लाल दिवा लागून माइक सुरू झाला की आवाज चढतो, शब्द पळायला लागतात. आमच्याकडे येणारे बहुतेक जण हेच सांगतात. दडपण आलं की शरीरात ॲड्रेनलिन हे संप्रेरक वाढतं, लाळ कमी होते, श्वास वरच्यावर चालतो, गळ्याचे स्नायू आवळतात. सरावलेल्या निवेदकांचंही असं होतं.

म्हणून सुरुवातीला आम्ही बातमी वाचायला देतच नाही, श्वासावर काम करतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की हृदयाची धडधड उतरते, आणि हे खुर्चीत बसल्या बसल्या कोणाच्या लक्षात न येता करता येतं. पहिलं वाक्य मात्र तोंडपाठच हवं. ते नीट गेलं की पुढचं बहुधा सावरतं. ‘घाबरू नकोस’ असं आम्ही कोणालाही सांगत नाही. ‘मला हुरूप आलाय’ असं स्वतःशी मोठ्याने म्हणा. हार्वर्डच्या संशोधक ॲलिसन वूड ब्रूक्स यांच्या २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असं म्हणणाऱ्यांची भाषणं अधिक चांगली झाली होती.

खरा कस लागतो तो मृत्यूच्या बातमीला. टॉकबॅकवरून, म्हणजे कानातल्या इअरफोनमधून, निर्माता बोलतोय, प्रॉम्प्टरवरचा (समोरच्या पडद्यावरचा) वाचायचा मजकूर बदलतोय आणि फोनवर घरचं माणूस गमावलेलं कोणीतरी आहे. कोरडं वाचलं तर ऐकणाऱ्याला टोचतं, रडवेलं वाचलं तर नाटकी वाटतं. ३१ जानेवारी १९४८ रोजी निवेदक मेलव्हिल डी मेलो यांनी ऑल इंडिया रेडिओवरून गांधीजींच्या अंत्ययात्रेचं धावतं वर्णन सुमारे सात तास केलं. देशाचा शोक त्यांचाही होता, तरी वर्णन थांबलं नाही. ही ताकद सरावाने येते, असं आम्ही मनापासून मानतो. आमच्या सरावात आधी मनात काय दाटलंय ते एका शब्दात ओळखायचं: दुःख, राग, धास्ती. मग वेग उतरवायचा, नावं-गावं स्पष्ट घ्यायची, मृतांचा आकडा सांगून क्षणभर थांबायचं. आणि फोनवरच्या माणसाला ‘आत्ता तुम्हाला काय वाटतंय?’ असं कधीही विचारायचं नाही. यावर आम्ही अडून बसतो.

धडधड कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्या परस्पर घेऊ नका; दमा असणाऱ्यांना त्या घातक ठरू शकतात. माइकपासून दूर असतानाही भीतीने झोप उडत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आमचा वर्ग हा उपचार नाही.

येताना आपल्या आवाजातलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग आणा. अडखळला असाल तर तो भाग कापू नका, आम्हाला तोच ऐकायचा असतो.