आघातोत्तर तणावावरील आभासी वास्तव उपचार

युद्ध, बॉम्बस्फोट, लैंगिक अत्याचार किंवा भीषण अपघात यांतून वाचलेल्या व्यक्तीला संगणकाने उभ्या केलेल्या तशाच दृश्यात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने नेऊन त्या आठवणीची दहशत कमी करण्याची मानसोपचार पद्धत. हा स्वतंत्र उपचार नाही. एक्सपोजर थेरपी (भीती वाटणाऱ्या आठवणीला सुरक्षित वातावरणात हळूहळू सामोरे जाणे) या जुन्या आणि चांगल्या पारखलेल्या पद्धतीला मिळालेली ती यंत्राची जोड आहे.

आघातोत्तर तणाव विकाराला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानसूचीत स्थान दिले. घटना संपून वर्षे लोटली तरी रुग्णाच्या लेखी ती संपलेली नसते. दुःस्वप्ने पडतात, मोठा आवाज झाला की अंग आक्रसते आणि आठवण जागी करणारी प्रत्येक जागा, वास, माणूस तो टाळू लागतो. या टाळण्यामुळेच दुखणे मुरते, कारण आठवण ही आठवणच आहे, आता तिच्यापासून धोका नाही, हे मनाला शिकायची संधीच मिळत नाही. म्हणून मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या दीर्घ एक्सपोजर पद्धतीत रुग्ण डोळे मिटून, ती घटना आत्ता घडत असल्यासारखी, मोठ्याने आणि पुन्हा पुन्हा सांगतो. अडचण येते ती इथेच. कित्येकांना ते दृश्य डोळ्यांसमोर आणवत नाही. काही जण पंचनामा लिहावा तशी कोरडी हकिगत सांगतात आणि भावना आतच राहते.

ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिकेत अटलांटा येथे मानसशास्त्रज्ञ बार्बरा रॉथबॉम व संगणकतज्ज्ञ लॅरी हॉजेस यांनी १९९७ च्या सुमारास व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी ‘व्हर्च्युअल व्हिएतनाम’ तयार केले. त्यात दोनच दृश्ये होती : ह्यूई या लष्करी हेलिकॉप्टरमधून दिसणारा प्रदेश आणि जंगलाने वेढलेली मोकळी जागा. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या वृत्तांतातील रुग्ण पन्नास वर्षांचा, एके काळी युद्धात हेलिकॉप्टर चालवलेला वैमानिक होता. दीड तासाच्या १४ बैठकांनंतर तज्ज्ञांच्या मोजमापानुसार त्याची लक्षणे ३४ टक्क्यांनी घटली आणि सहा महिन्यांनंतरही सुधारणा टिकून होती. चित्रण आजच्या मानाने अगदी ओबडधोबड होते, पण उरलेले तपशील सैनिकांची स्मृतीच भरून काढत असे.

न्यूयॉर्कमध्ये जोअ‍ॅन डिफीडी आणि हंटर हॉफमन यांनी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातून वाचलेल्या एका तरुणीवर केलेल्या उपचारात या पद्धतीचा क्रम स्पष्ट दिसतो. आधीच्या नेहमीच्या उपचाराने तिला गुण आला नव्हता. आभासी दृश्यात प्रथम विमान इमारतींवरून नुसतेच निघून जाई, पुढे ते आदळे, पण आवाजाविना, मग आवाजासह, आणि शेवटी मनोरे कोसळत. एक पायरी सोसवू लागल्यावरच पुढची येई.

इराक व अफगाणिस्तानातील युद्धांनंतर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात अल्बर्ट ‘स्किप’ रिझो यांच्या गटाने ‘व्हर्च्युअल इराक’ व पुढे ‘ब्रेव्हमाइंड’ या प्रणाली घडवल्या. रुग्ण हेडसेट घालून हमवी या लष्करी गाडीत बसतो किंवा बाजारातून चालतो. पायाखालचा मंच थरथरतो. डिझेल, जळके रबर, मसाले यांचे वास सोडता येतात. काय घडवायचे हे सर्वस्वी उपचारकाच्या हाती असते. रुग्ण आपली हकिगत सांगत असतो आणि उपचारक ती ऐकत समोरच्या पडद्यावरून दिवसाची रात्र करतो, दूरचा गोळीबार जवळ आणतो किंवा थांबवतो. मध्येमध्ये तो अस्वस्थतेचा आकडा विचारतो, शून्य ते शंभर. अशा प्रसंगी घाई न करणारा, रुग्णाचा श्वास ओळखणारा माणूस यंत्रामागे नसेल, तर हे साधन जखम पुन्हा उघडी करून तशीच सोडू शकते. काहींना हेडसेटमुळे गाडी लागल्यासारखी मळमळही होते.

परिणामांविषयी उत्साहाइतकाच संयमही हवा. ग्रेग रीगर व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १६२ सैनिक होते. आभासी वास्तव घेतलेला गट आणि केवळ कल्पनेच्या आधारे दीर्घ एक्सपोजर घेतलेला गट, दोघांनाही उपचारासाठी प्रतीक्षायादीत ठेवलेल्या सैनिकांपेक्षा अधिक आराम पडला. मात्र तीन व सहा महिन्यांनंतर साध्या पद्धतीचा गटच सरस ठरला. तेव्हा यंत्र अधिक गुणकारी आहे असे म्हणता येत नाही. ज्यांना कल्पनेने तिथवर जाता येत नाही, त्यांच्यासाठी आणि सोफ्यावर बसून बोलण्यापेक्षा पडद्याशी अधिक सरावलेल्या तरुण सैनिकांसाठी ती एक वेगळी वाट आहे, एवढे मात्र मानायला हरकत नाही.

पोर्तुगालमध्ये आफ्रिकेतील वसाहतयुद्धांचे सैनिक आणि इस्राएलमध्ये बसमधील स्फोट यांसाठीही अशी दृश्ये रचली गेली. नेदरलँड्समध्ये एरिक व्हर्मेटन यांच्या गटाने निराळा मार्ग धरला. त्यात युद्धभूमी उभी केली जातच नाही. रुग्ण ट्रेडमिलवर चालतो आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर त्याने स्वतः निवडून आणलेली छायाचित्रे येतात. पाठ फिरवण्याऐवजी तो त्यांच्या दिशेने पावले टाकत काय दिसते, काय वाटते ते बोलत जातो.