महागडा डॅक घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हल्ली ग्राहक आम्हाला सर्वांत जास्त विचारतात तो प्रश्न असा: घरी बऱ्यापैकी स्पीकर आहेत, ॲम्प्लिफायर आहे, गाणी स्ट्रीमिंगवरून किंवा कॉम्प्युटरवरून वाजतात, आता साध्या डॅकच्या (डिजिटल गाण्याचे विजेच्या लहरीत रूपांतर करणाऱ्या यंत्राच्या) जागी पन्नासपट किमतीचा डॅक लावला तर फरक पडेल का? स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारे यंत्र), वेगळे क्लॉक (डॅकला ठेका देणारे यंत्र), चांदीची यूएसबी केबल यांच्याबद्दलही हेच विचारले जाते. ही उपकरणे आम्ही विकतो, जोडून देतो आणि दुरुस्तही करतो. म्हणूनच आमचे उत्तर तोंडी न ठेवता छापून देत आहोत. निव्वळ आवाज सुधारावा म्हणून अतिमहाग डिजिटल उपकरण घेऊ नका. तोच पैसा स्पीकर किंवा हेडफोन आणि ऐकण्याची खोली यांवर खर्च केला, तर फरक पहिल्या गाण्यातच कळतो.

आकड्यांपासून लहरीपर्यंत

डॅक आकड्यांच्या रूपात साठवलेल्या गाण्याचे विजेच्या लहरीत रूपांतर करतो. मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप, ब्लूटूथ हेडफोन, सगळ्यांत तो असतोच. सोनी आणि फिलिप्स यांची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, तेव्हा सेकंदाला ४४,१०० नमुने (लहरीची त्या त्या क्षणाची मोजलेली उंची) आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा, म्हणजे १६ द्विमान अंकांत लिहिलेला, असे प्रमाण ठरले होते. त्यामागे पक्के गणित आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये त्याचा पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये ते सिद्धांत म्हणून मांडले: लहरीतल्या सर्वांत उंच वारंवारितेच्या दुपटीहून जास्त नमुने घेतले, तर मूळ लहर जशीच्या तशी परत मिळते. तरुण, निरोगी कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि वय वाढेल तशी ही मर्यादा खाली येते. ४४,१०० ची निम्मी संख्या २२,०५०, म्हणजे कानाच्या पल्ल्याच्या थोडी पुढेच.

जाहिरातींत डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा आणि ॲनालॉग (आकड्यांत न बदललेला) आवाज गुळगुळीत रेषेचा दाखवतात. ते चित्र दिशाभूल करणारे आहे. डॅकमधल्या फिल्टरनंतर बाहेर पडते ती अखंड लहर. ऑसिलोस्कोपवर (विजेच्या लहरीचे चित्र दाखवणाऱ्या यंत्रावर) ती आम्ही कोणत्याही ग्राहकाला दाखवू शकतो.

आता बिटांचे. १६ बिटांमध्ये सर्वांत मोठा आवाज आणि तळाचा नॉइज (नको असलेली खरखर) यांच्यात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मिळते. रात्री शांत झालेल्या खोलीतही ३० डेसिबलच्या आसपास आवाज असतोच. त्या तीसच्या वर पूर्ण ९६ डेसिबल वापरायचे म्हटले, तर गाणे १२६ डेसिबलपर्यंत न्यावे लागेल, आणि तिथे कान दुखू लागतात. २४ बिटांचा खरा उपयोग ध्वनिमुद्रणात होतो. गायक अचानक जोरात गायला तरी आवाज फाटू नये म्हणून तिथे वर मोकळी जागा ठेवावी लागते. तयार गाणे ऐकताना त्या जागेची गरज उरत नाही.

हाय-रेझोल्यूशनची परीक्षा कशी झाली

या बाबतीत आमच्या मतापेक्षा प्रयोग महत्त्वाचे. २००७ मध्ये ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाच्या, डिस्कचा आवाज एकदा सरळ आणि एकदा सीडीच्या दर्जाच्या रूपांतरातून जाऊ देऊन ऐकवला. कोणता कधी चालू आहे हे ऐकणाऱ्यांना माहीत नव्हते. ५५४ चाचण्यांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४९.८ टक्के. नाणे उडवूनही तेवढीच आली असती.

दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी असे १८ प्रयोग एकत्र करून त्यांतल्या १२,००० हून अधिक चाचण्या तपासल्या. एकूण बरोबर उत्तरे ५२.३ टक्के निघाली आणि आधी सराव दिलेल्या लोकांची कामगिरी त्याहून चांगली होती. म्हणजे फरक शून्यच आहे असे म्हणता येत नाही. पण मन एकाग्र करून, सराव करून, एका बैठकीत पुन्हापुन्हा तुलना केल्यावर हाती लागणारा हा फरक आहे. संध्याकाळी निवांत बसून गाणे ऐकणाऱ्याने त्यासाठी सिस्टीमच्या निम्म्या किमतीएवढी रक्कम मोजावी, असे आम्हाला वाटत नाही.

मोजमाप काय सांगते

चांगल्या बनावटीच्या साध्या डॅकचे डिस्टॉर्शन (मूळ लहरीत होणारा बिघाड) आज ०.००१ टक्क्याच्या घरात किंवा त्याहूनही कमी असते. उत्तम स्पीकरसुद्धा मोठ्या आवाजात खर्ज वाजवताना १ टक्क्याच्या आसपास किंवा वर जातो. साखळीतली एक कडी दुसरीपेक्षा हजारपट स्वच्छ असताना त्याच कडीला आणखी घासूनपुसून ऐकू येण्यासारखे काही मिळत नाही. ॲपलचा यूएसबी-सी ते हेडफोन जोडणारा बोटभर लांबीचा ॲडॉप्टर मोजमापात इतका स्वच्छ निघतो की, सहज चालणाऱ्या हेडफोनसाठी त्याहून जास्त काही लागत नाही. त्याची ताकद कमी पडते ती चालवायला जड असलेल्या हेडफोनसाठी. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

जिटर, म्हणजे क्लॉकच्या ठेक्यातली सूक्ष्म गडबड, हा शब्द विक्रेते फार वापरतात. जिटर खरोखर असतो आणि सीडी प्लेअरच्या सुरुवातीच्या काळात ती अडचणही होती. पण १९९८ मधल्या बेंजामिन आणि गॅनन यांच्या प्रयोगात संगीत ऐकताना जिटर ओळखू यायला सुमारे २० नॅनोसेकंद किंवा त्याहून जास्त गडबड लागली. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. आजचा साधा डॅकही एका नॅनोसेकंदाच्या बराच आत असतो. शिवाय असिंक्रोनस यूएसबीमध्ये डॅक स्वतःच्या क्लॉकनुसार माहिती मागून घेतो, त्यामुळे कॉम्प्युटरच्या क्लॉकचा प्रश्नच उरत नाही. बाहेरून लावायच्या वेगळ्या क्लॉकची गरज अनेक यंत्रे एका तालात चालवणाऱ्या स्टुडिओला असते. घरात एकच डॅक असेल, तर ते घेऊ नका.

यूएसबी किंवा नेटवर्कच्या केबलमधून आकडे जातात. केबल बिघडली तर खटखट होते, आवाज तुटतो किंवा बंद पडतो. सतार जास्त गोड आणि तबला जास्त सुटा वाजवण्याची सोय तिच्यात नसते. एक त्रास मात्र केबलमुळे खरोखर येतो: कॉम्प्युटर आणि ॲम्प्लिफायर यांच्या अर्थिंगमधून घुसणारी घुरघुर. त्यावर ऑप्टिकल केबल किंवा छोटा आयसोलेटर (दोन यंत्रांमधला विजेचा थेट संबंध तोडणारा) पुरतो. आधी तेवढेच करून पाहा.

दुकानात फरक का ऐकू येतो

आमच्या ग्राहकांना फरक ऐकू येतो तेव्हा ते खरेच सांगत असतात. कारण शोधायला हवे, आणि बहुतेक वेळा ते आवाजाच्या पातळीत सापडते. घरगुती डॅक साधारण २ व्होल्ट देतो. काही कंपन्या जाणून-बुजून किंवा रचनेमुळे २.५ व्होल्ट देतात. हा फरक जवळजवळ २ डेसिबलचा होतो. एवढ्या वाढीला आपण "आवाज मोठा झाला" असे क्वचितच म्हणतो. "जास्त भरदार", "जास्त मोकळा", "गायक समोर आला" असे म्हणतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते की पातळी बदलली की खर्ज, मध्य आणि तार यांच्याबद्दलची कानाची संवेदनशीलता वेगवेगळ्या प्रमाणात बदलते. म्हणून पातळी सारखी न करता केलेली कोणतीही तुलना आम्ही ग्राह्य धरत नाही, मग ती आमच्याच दुकानात झालेली असो.

दुसरे कारण डोळे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर एकदा उघडपणे आणि एकदा पडद्याआड ठेवून लोकांना ऐकवले. समोर दिसत असताना दिलेले गुण पडद्याआड बदलले. आकार, दिमाख आणि नाव यांचा परिणाम अनुभवी लोकांवरही झाला. स्पीकरमध्ये तर प्रत्यक्ष, मोठे फरक असतात. तिथे असे होते, तर डॅकच्या बाबतीत डोळ्यांचा वाटा किती असेल हे लक्षात घ्या. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या रेकॉर्ड कंपनीबाबत असे उघड झाले की, तिच्या पूर्ण ॲनालॉग समजल्या जाणाऱ्या अनेक रेकॉर्ड तयार होताना मध्ये डिजिटल टप्पा होता. अनेक वर्षे जाणकारांनी त्याच रेकॉर्ड उत्तम आवाजाचा नमुना म्हणून जपल्या होत्या. त्या रेकॉर्डचा आवाज चांगलाच आहे. चांगले डिजिटल रूपांतर कानाला कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आमच्याकडे तुलना अशी होते: १ किलोहर्ट्झचा सूर लावून दोन्ही डॅकची पातळी व्होल्टमीटरवर जुळवतो, फरक ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण १ टक्का. मग डॅक पडद्यामागे आणि अदलाबदलीचे बटण तुमच्या हातात. गाणे तुमचे, वेळ हवा तेवढा. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखले, तर तुम्हाला फरक कळतो असे आम्ही मानतो, कारण केवळ अंदाजाने तेवढी किंवा जास्त उत्तरे बरोबर येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी असते. तुम्ही ओळखलेत, तर महागडा डॅक निःशंक घ्या.

पैसा कुठे कामी येतो

खोलीत. यावर कुणी पुरेसे बोलत नाही, म्हणून थोडे सविस्तर. ४ मीटर लांबीच्या खोलीत सुमारे ४३ हर्ट्झचा सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये घुमतो. भिंतीलगत बसलेल्याला तो धडाधड ऐकू येतो आणि खोलीच्या मध्यावर बसलेल्याला जवळजवळ येतच नाही. रुंदी आणि उंचीचे असेच आपापले सूर असतात. त्यामुळे खर्जात १० ते २० डेसिबलचे चढउतार साध्या घरांत सर्रास दिसतात, आणि कुठलाही डॅक ते दुरुस्त करू शकत नाही. खुर्ची अर्धा मीटर पुढे घेणे, स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढणे, बाजूच्या भिंतीवरून परतणारा आवाज जाड पडद्याने किंवा भरलेल्या पुस्तकांच्या कपाटाने अडवणे, जमिनीवर जाड गालिचा घालणे, यांतले बरेचसे फुकट होते. त्यानंतर मोजमापाचा मायक्रोफोन आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर. खर्जातले उंचवटे इक्वलायझरने (ठरावीक सूर कमी-जास्त करणाऱ्या सोयीने) खाली आणता येतात. खड्डे मात्र त्याने भरत नाहीत. त्यासाठी जागाच बदलावी लागते किंवा दुसरा सबवूफर (फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर) लागतो.

त्यानंतर स्पीकर. हेडफोनवर ऐकणाऱ्यांनी आधी हेडफोन बदलावा आणि मगच ॲम्प्लिफायर पाहावा. ३०० ओहमच्या, म्हणजे चालवायला जड, हेडफोनला जास्त व्होल्टेज लागते. संवेदनशील इअरफोनला कमी नॉइजचे आणि कमी आउटपुट इम्पिडन्सचे (विजेला होणाऱ्या आतल्या अडथळ्याचे) यंत्र लागते. आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम आहे. इथे योग्य यंत्र घेतले तर फरक ऐकू येतो, आणि त्यासाठी अतिमहाग यंत्राची गरज पडत नाही.

ध्वनिमुद्रणाचा दर्जाही पाहा. एकाच गाण्याची जुनी सीडी आणि नवी आवृत्ती वेगळी वाजते ती बहुधा मास्टरिंगमुळे (प्रसिद्धीआधी आवाजावर केलेल्या शेवटच्या संस्कारामुळे). नव्या आवृत्तीत सगळे सूर एकाच मोठ्या पातळीवर दाबलेले असले, तर सेकंदाला १,९२,००० नमुन्यांची (१९२ किलोहर्ट्झची) फाइलही त्याला वाचवू शकत नाही. उलट, जपून केलेले मास्टरिंग सीडीच्या दर्जाच्या फ्लॅक (काहीही न गमावता आकार लहान करणाऱ्या) फाइलमध्ये पुरेपूर ऐकू येते.

महाग यंत्र कधी घ्यावे

जास्त इनपुट हवेत, टीव्हीसाठी एचडीएमआय हवे, यंत्रातच खोलीची दुरुस्ती हवी, व्हॉल्यूमची मूठ वर्षानुवर्षे न खरखरता फिरावी, दहा वर्षांनीही सुटे भाग मिळावेत, अशी कारणे असतील तर जास्त पैसे देणे योग्य आहे. यंत्राची बनावट आवडते म्हणून घेणेही योग्यच. सुबक वस्तू रोज हाताळण्यात आनंद असतो आणि त्यासाठी पैसे द्यावेत की नाही हे तुम्हीच ठरवायचे. फक्त बंद फॉरमॅटसाठी जास्त रक्कम देऊ नका. एमक्यूए हा असाच एका कंपनीच्या मालकीचा संगीत फाइलचा फॉरमॅट २०१४ मध्ये मोठ्या गाजावाजाने आला. २०२३ मध्ये त्याची कंपनी आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकांच्या हाती गेली, आणि २०२४ मध्ये टायडल या स्ट्रीमिंग सेवेने त्याऐवजी फ्लॅक स्वीकारले. खास त्यासाठी जास्त पैसे भरून घेतलेल्या यंत्रांतली ती सोय आता फारशी उपयोगाची राहिलेली नाही.

सल्ल्यासाठी येताना खोलीची लांबी, रुंदी, उंची आणि भिंतींचे चार फोटो आणा. स्पीकर, ॲम्प्लिफायर आणि हेडफोन यांची मॉडेल लिहून आणा. सध्याचा डॅकही सोबत आणा. तो आम्ही तुमच्यासमोर मोजून देतो. मोजमापात तो निर्दोष निघाला, तर त्याच्या जागी दुसरा डॅक आम्ही सुचवणार नाही.