ओढा एक, ग्रामपंचायती चार: सामायिक कामं आराखड्यात कशी बसवायची?

भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईला पाणी देणारी तीन धरणं शहापूर तालुक्यात आहेत. तरीही उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतो. धरण उशाला, कोरड घशाला. यावर गावपातळीवर उपाय करायचा म्हटलं की पहिली अडचण हद्दीची येते. ओढा उगम पावतो एका गावात आणि कोरडा पडतो तिसऱ्या गावात. वर्षाच्या कामांचा विकास आराखडा मात्र प्रत्येक ग्रामपंचायतीचा वेगळा.

मागणी कोण करू शकतं? गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते, त्यामुळे काम सुचवायला पद लागत नाही. कामाला पैसा येतो तो मुख्यतः वित्त आयोगाच्या अनुदानातून. पंधराव्या आयोगाच्या 2021-22 ते 2025-26 या काळात यातले 60 टक्के स्वच्छता आणि पाण्याच्या कामांसाठीच राखून ठेवलेले होते. राज्यात या निधीचे 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 पंचायत समितीला आणि 10 जिल्हा परिषदेला, अशी वाटणी होती. एकाहून जास्त गावांच्या कामाचा खरा रस्ता त्या मधल्या 10 टक्क्यांतून जातो आणि बहुतेक गावं तिकडे फिरकतच नाहीत.

'आमचं गाव, आमचा विकास' आराखड्याची तयारी साधारण 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्याआधीच चारही गावांतल्या चार-पाच जणांनी एकत्र ओढा चालून यावा. बंधारा कुठे, गाळ कुठे, सांडपाणी कुठून मिसळतं हे गाव नकाशावर उतरवा. मग प्रभागसभा, महिला सभा आणि शेवटी ग्रामसभा. ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी हजेरी लागते. मात्र शहापूर तालुका संपूर्ण अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाड आणि भिवंडीतली काही गावंही आहेत. तिथे पेसाचे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणाऱ्या कायद्याचे, नियम लागू होतात, गणपूर्ती (किमान हजेरी) वेगळी असते आणि अध्यक्षही सरपंच नव्हे तर सभेने निवडलेली व्यक्ती. हे न पाळता झालेला ठराव पुढे अडकू शकतो.

ठराव चार गावांत चार दिवशी झाले तरी चालतात, पण मजकूर एकच हवा. आमच्याकडे एका गावाने ओढ्याचं नाव वेगळं लिहिलं, दुसऱ्याने बंधाऱ्याचा गट नंबर चुकवला आणि फाईल परत आली. त्यात एक पावसाळा गेला. तेव्हापासून मजकूर आधी टाईप करून चारही ठिकाणी तोच वाचून दाखवतो.

कागदपत्रांत ठरावाची सत्यप्रत आणि हजेरी, जागेचा सातबारा, गाव नकाशा, शाखा अभियंत्याचं अंदाजपत्रक आणि कामाच्या जागेचे फोटो ठेवा. जागा खासगी असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र. जागेचा घोळ आधी मिटवलेला बरा, कारण अंदाजपत्रक त्यावरच अवलंबून असतं.

जागा वनखात्याची निघाली तरी हताश होऊ नका. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) मध्ये तलाव, पाण्याची पाइपलाइन, पाणी साठवण्याच्या रचना अशा 13 सुविधांसाठी, प्रत्येक कामी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं न तोडता, वनजमीन वापरायला देता येते. ग्रामसभेची शिफारस मात्र त्यासाठी अनिवार्य आहे. तानसा अभयारण्याच्या आतल्या जागेला वन्यजीव कायद्याची वेगळी परवानगी लागते, ते काम लांबतं. शक्यतो पर्यायी जागा शोधा.

आपल्या हद्दीतला तुकडा प्रत्येक ग्रामपंचायत स्वतःच्या आराखड्यात टाकते आणि तो ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढतो. सामायिक भागासाठी चारही ठरावांच्या प्रती एकत्र जोडून गटविकास अधिकाऱ्यांना एकच अर्ज द्या आणि पंचायत समितीच्या आराखड्यात हे काम घेण्याची मागणी करा. पोच शिक्क्यासह घ्या. पोर्टलवर काम दिसेपर्यंत आराखडा मंजूर झाला असं समजू नका, कारण तोंडी 'घेतलंय' याला तिथे किंमत नाही.

याच तयारीचा राज्य सरकारच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरण अभियानातही उपयोग होतो. 2 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालेल्या या अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पाच घटकांवर गुणांकन होतं. ओढ्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो तिथे पुरावा म्हणून चालतात. म्हणून पहिल्या दिवसापासून तारखेसह काढून ठेवा.