बँकेतल्या मशीनला हात कोणी लावायचा?

बँकेत, ब्रोकरकडे किंवा म्युच्युअल फंडाच्या ऑफिसात डेस्कटॉप सपोर्टला, म्हणजे पीसी-प्रिंटर चालते ठेवायला, बसणारा इंजिनिअर बहुतेक वेळा तिथल्या नोकरीत नसतोच. पगार व्हेंडर, म्हणजे हे काम घेतलेली बाहेरची कंपनी, देते, गळ्यातलं कार्डही वेगळं. तरी मॅनेजरसाहेबांना स्वतःच्या पीसीवर जे सॉफ्टवेअर टाकता येत नाही, ते हा टाकतो, कारण मशीनवर काहीही बदलू देणारा अ‍ॅडमिन पासवर्ड याच्याकडे असतो. ही उफराटी वाटणारी व्यवस्था एका दिवसात आलेली नाही.

१९७८मध्ये आयबीएम या अमेरिकी कॉम्प्युटर कंपनीने भारतातला गाशा गुंडाळला. परकीय चलनावरच्या फेरा कायद्यानुसार परदेशी भागभांडवल कमी करायला ती कंपनी तयार नव्हती. तिने मागे ठेवलेल्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. मशीन एकाचं, बनवलेलं दुसऱ्याने आणि सांभाळायला तिसराच, ही रीत आपल्याकडे तेव्हापासून रुळली.

बँकांमध्ये त्या काळी कॉम्प्युटर हा शब्दच भांडणाचा होता. नोकऱ्या जातील म्हणून युनियनचा कडवा विरोध. शेवटी सप्टेंबर १९८३मध्ये बँकांची संघटना आयबीए आणि कर्मचारी युनियन यांच्यात करार झाला आणि यंत्रांना मर्यादित शिरकाव मिळाला. पाठोपाठ १९८४मध्ये रंगराजन समितीने आराखडा दिला: शाखेत खातेवहीच्या नोंदी करणारं लेजर पोस्टिंग मशीन, विभागीय कार्यालयात मिनी कॉम्प्युटर, मुख्यालयात मेनफ्रेम हा मोठा कॉम्प्युटर. पुढे १९८७ आणि १९९३मध्ये आणखी करार झाले. त्या युनियनवाल्यांची आज टिंगल होते, पण मला ती पटत नाही. मशीनवर कोण बसणार आणि त्याला भत्ता काय, हे त्यांनी लेखी करून घेतलं. ते करार बँकेच्या कर्मचाऱ्यांपुरते होते. बिघाड झाला की एएमसीवर, म्हणजे देखभालीच्या वार्षिक करारावर, बाहेरून येणाऱ्या माणसासाठी असं भांडायला कोणी नव्हतं, आजही फारसं नाही.

नव्वदच्या दशकात शाखेतच सर्व्हर आला. संध्याकाळी ‘डे एंड’, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करण्याचं काम, झाल्याशिवाय आणि बॅकअप घेतल्याशिवाय शाखेचा दिवस संपत नसे. डे एंड अडकला की स्टाफ अडकला. १९९४मध्ये एनएसई या नव्या शेअर बाजाराने सुरुवातच पडद्यावरच्या सौद्यांनी केली आणि १९९५मध्ये बीएसईची ‘बोल्ट’ ही पडद्यावरच्या सौद्यांची यंत्रणा आली. दलाल स्ट्रीटवरचा आरडाओरडा थांबला आणि ब्रोकरच्या ऑफिसात टर्मिनलच्या रांगा लागल्या. सरकारी बँकांमागे केंद्रीय दक्षता आयोगाने लकडा लावला होता: १ जानेवारी २००१पर्यंत ७० टक्के व्यवहार कॉम्प्युटरवर हवेत.

मग कोअर बँकिंग आलं. खाती शाखेतून उठून डेटा सेंटरला गेली. शाखेत उरले पीसी, प्रिंटर, स्कॅनर आणि राउटर. म्हणजे बिघडणाऱ्या वस्तू तेवढ्या शाखेत राहिल्या, आणि त्यांच्यामागे धावणारा रेसिडेंट इंजिनिअर, म्हणजे व्हेंडरने तिथेच बसवलेला माणूस.

त्यातला पासबुक प्रिंटर हे खास प्रकरण आहे. दिसायला साधा डॉट मॅट्रिक्स, पण त्याला पुस्तकाची जाडी कळावी लागते, पान सरळ करून घ्यावं लागतं आणि शिवणीच्या घडीवर अक्षर पडू द्यायचं नसतं. पासबुक चुरगळलेलं असेल, सेन्सरवर धूळ असेल, रिबन सुकली असेल, तर ओळीवर ओळ चढते. पेन्शनच्या दिवशी काउंटरसमोर रांग असते आणि इंजिनिअर झाकण उघडून ब्रशने सेन्सर पुसत असतो. मागून विचारणा चालूच: ‘अहो, किती वेळ?’ तिकिटावर, म्हणजे तक्रारीच्या नोंदीत, मात्र एवढंच चढतं: ‘प्रिंटर इश्यू, रिझॉल्व्ड’.

मुंबईत बीकेसी किंवा नरिमन पॉइंटच्या डीलिंग रूममध्ये, म्हणजे सौदे होतात त्या खोलीत, गर्दी नसते, घड्याळ असतं. सव्वानऊला शेअर बाजार उघडतो, त्याआधी डीलरसमोरचे सगळे मॉनिटर लागलेले हवेत. पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, टाकायचा तो बाजार बंद झाल्यावर किंवा शनिवारी. ३१ मार्चच्या आसपास तर कशालाच हात लावायचा नाही.

नियमांचा फास खरा आवळला तो २ जून २०१६च्या रिझर्व्ह बँकेच्या सायबर सुरक्षा परिपत्रकाने. खास परवानगीशिवाय पेन ड्राइव्ह चालणार नाही, अ‍ॅडमिन हक्क मोजक्यांनाच. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये चोरले गेले. तो हल्ला एटीएम व्यवहारांच्या यंत्रणेतून झाला, टेबलावरच्या पीसीचा प्रश्न नव्हता, पण त्यानंतर सहकारी बँकांनाही असेच नियम लागू झाले. तेव्हापासून ‘यूएसबी उघडून दे ना रे’ या गोड विनंतीला नाही म्हणणं हे इंजिनिअरच्या कामातच बसलं. एप्रिल २०२३मध्ये आयटी आउटसोर्सिंगवरही रिझर्व्ह बँकेचे निर्देश आले. काम बाहेर दिलं तरी जबाबदारी बँकेचीच, हे त्यांत स्पष्ट आहे.

दरम्यान २०२०च्या लॉकडाउनमध्ये ऑफिसचे पीसी लोकांच्या स्वयंपाकघरात पोचले होते आणि बराचसा सपोर्ट रिमोटवर, म्हणजे नेटवरून दूर बसून, होऊ लागला होता. आता प्रत्यक्ष जाणारा माणूस लागतोच कशाला, असा हिशेब काही ठिकाणी सुरू झाला. पण १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर आणली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ फटका बसल्याचं आढळलं. मशीन चालूच होत नसल्यामुळे रिमोटचा बहुतेक ठिकाणी उपयोग नव्हता. एकेका पीसीसमोर बसायचं, सेफ मोडमध्ये जायचं, नेमकी फाइल उडवायची. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की टाइप करायची.