सेलम: मिनिटाला नव्वद गोळे, पण लढाई एकही नाही

अमेरिकेत बॉस्टनच्या दक्षिणेला, क्विन्सी शहरात ‘यूएसएस सेलम’ धक्क्याला लागलेली आहे. जगभरात जतन झालेली ही एकमेव हेवी क्रूझर, म्हणजे मोठ्या तोफांची वेगवान युद्धनौका. (१९३०च्या लंडन नौदल करारानुसार ६.१ इंचांहून मोठ्या व्यासाच्या तोफा असतील ती क्रूझर हेवी; जहाजाच्या वजनाशी त्याचा संबंध नाही.) लांबी २१८ मीटर, प्रमाणित वजन सुमारे १७ हजार टन, चार बॉयलर, १ लाख २० हजार अश्वशक्ती आणि वेग ३३ नॉट, म्हणजे ताशी ६१ किलोमीटर. पण इतक्या वेगाची जहाजे तेव्हा इतरही होती. सेलमची खरी करामत तिच्या तीन टरेटांमध्ये, म्हणजे तोफांच्या फिरत्या चिलखती घुमटांमध्ये आहे.

१९४२ मध्ये पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटाजवळच्या रात्रीच्या लढायांत जपानी जहाजे अंधारातून अगदी जवळ येत आणि टॉर्पेडो सोडून वळत. त्या काही मिनिटांत जितके गोळे टाकता येतील तितके हवे होते, आणि हेवी क्रूझरची आठ इंची तोफ मिनिटाला तीन-चार गोळ्यांवर अडत होती. तिची दारू पिशव्यांत भरलेली असे. बार उडाला की आत पेटते कण राहत. हवेच्या झोताने ते बाहेर काढल्याशिवाय पुढची पिशवी सरकवणे म्हणजे टरेटमध्येच भडका. शिवाय भरण्यासाठी नळी दर वेळी ठरावीक कोनात खाली आणायची आणि भरून झाल्यावर पुन्हा नेमावर न्यायची.

सेलमवरच्या ‘मार्क १६’ तोफेत पिशवी गेली, पितळी काडतूस आले. बार होताच पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसते, त्यामुळे वायू मागे येत नाही. दाब उतरला की तेच पितळ किंचित आकसते आणि रिकामे काडतूस ओढून काढता येते. वायू अडवण्याचे काम काडतुसानेच केल्यामुळे ब्रीचला, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाला, आट्यांचे जड झाकण लागत नाही. सरकणारी पाचर पुरते. भरण्याची यंत्रणा नळीबरोबरच वर-खाली होते, म्हणून नेम न सोडता कोणत्याही कोनात गोळा आत जातो. एका नळीतून मिनिटाला १० गोळे. नऊ नळ्या आणि १५२ किलोचा चिलखतभेदी गोळा धरला, तर मिनिटाला साडेतेरा टनांहून जास्त पोलाद, तेही सुमारे २७ किलोमीटरपर्यंत.

याची किंमत वजनात मोजावी लागली. आधीच्या बाल्टिमोर वर्गातल्या क्रूझरांचे टरेट सुमारे ३०० टनांचे होते, हे जवळपास ४५० टनांचे झाले. टरेट वाढले की त्याखालचे चिलखती कडे रुंदावते, आणि ते पेलायला जहाज रुंद करावे लागते. बारा जहाजे ठरली होती. पुरी झाली तीनच: डे मॉइन, सेलम आणि न्यूपोर्ट न्यूज.

सेलम १४ मे १९४९ रोजी नौदलात आली तेव्हा महायुद्ध संपून चार वर्षे झाली होती. शत्रूवर तिने एकही गोळा डागला नाही. अ‍ॅडमिरल आणि त्याच्या कर्मचाऱ्यांना लागणारी जागा आणि दळणवळणाची सोय असल्याने भूमध्य समुद्रात ती सहाव्या ताफ्याचे प्रमुख जहाज म्हणून फिरली. ऑगस्ट १९५३ मध्ये ग्रीसची आयोनियन बेटे भूकंपाने उद्ध्वस्त झाली, तेव्हा मदतीला पोचलेले पहिले अमेरिकी जहाज हेच. एका ब्रिटिश युद्धपटात तिने ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेची भूमिकाही केली. मूळ जहाजाला दोन टरेट, हिला तीन. जाणकारांच्या नजरेतून हे सुटणे शक्य नव्हते. जानेवारी १९५९ मध्ये तिची सेवा संपली.

अशा टरेटमध्ये अपघात झाला तर काय होते, हे सेलमच्या बहिणीवर, त्याच वर्गाच्या जहाजावर दिसले. १ ऑक्टोबर १९७२ रोजी व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ न्यूपोर्ट न्यूजच्या दुसऱ्या टरेटमध्ये मधल्या नळीतच गोळा फुटला. दोष भरणाऱ्या यंत्राचा नव्हता, गोळ्याच्या फ्यूजचा, म्हणजे तो फोडणाऱ्या कळीचा होता. पण झपाट्याने भरणाऱ्या टरेटमध्ये पुढचे बार आधीच वाटेवर असतात. वीस जण दगावले आणि ते टरेट पुन्हा कधी वापरलेच नाही. पुढे ते जहाज भंगारात गेले, डे मॉइनही गेली.

१९९४ मध्ये सेलमला ओढून क्विन्सीला आणले, जिथे ती बांधली गेली होती, आणि १९९५ मध्ये संग्रहालय सुरू झाले. बॉयलर थंड असलेल्या जहाजाचे दुखणे वेगळे असते. आत ऊब नाही, म्हणून भिंतींवर दव धरते. हिवाळ्यापूर्वी नळांतले पाणी काढले नाही, तर ते गोठून नळ फुटतात. पोलाद सर्वात वेगाने खाते ते पाण्याच्या रेषेलगत, कारण तिथे ओलावा आणि प्राणवायू दोन्ही भरपूर मिळतात. पाण्याखाली जस्ताचे ठोकळे जोडले, तर पोलादाऐवजी आधी जस्त झिजते. मात्र ते ठोकळे वेळेवर बदलावे लागतात, आणि पाण्याच्या रेषेच्या वर त्यांचा काही उपयोग नाही, तिथे रंगच हवा. तळाची नीट दुरुस्ती सुक्या गोदीतच होते, आणि तिकिटांच्या पैशांत ती क्वचितच बसते. आपल्या मुंबईची विक्रांत २०१२ मध्ये असुरक्षित ठरून प्रेक्षकांना बंद झाली आणि २०१४ मध्ये तोडायला गेली. सेलमही २०१३ मध्ये बंद ठेवावी लागली होती, पण तेव्हा खराब झाला होता तो धक्का, जहाज नव्हे. २०१५ मध्ये ती पुन्हा उघडली.