रीडिंगचा पेपर तपासून देताना आम्ही बरोबर उत्तर का लिहीत नाही

(आयेल्ट्स या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या रीडिंग, म्हणजे वाचनाच्या, बॅचमधल्या विद्यार्थ्यांसाठी, आणि फी भरणाऱ्या पालकांसाठीही)

दर बॅचला तेच तीन प्रश्न येतात. आठवड्याला एकच पेपर का? तपासलेल्या पेपरवर नुसती फुली का, शेजारी बरोबर उत्तर का नाही? आणि उत्तरतालिका घरी का देत नाही? परीक्षेची तारीख घेतलेली असते, तिकडे कॉलेजच्या अर्जाची मुदत जवळ आलेली असते, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. म्हणून आमची पद्धत आणि तिच्यामागची कारणं इथे एकदा नीट लिहून देतो.

परीक्षेचा साचा तुम्हाला माहीत आहेच: ६० मिनिटं, ४० प्रश्न, प्रत्येकाला एक गुण, चुकलं तर गुण कापत नाहीत. अ‍ॅकॅडमिकमध्ये (परदेशात शिकायला जाणाऱ्यांची परीक्षा) तीन मोठे उतारे, मिळून साधारण २,१५० ते २,७५० शब्द. जनरलमध्ये (मुख्यतः नोकरी किंवा स्थलांतरासाठीची परीक्षा) आधी छोट्या जाहिराती, सूचना, नोकरीसंबंधीचे मजकूर आणि शेवटी एक मोठा उतारा. आता थोडा हिशोब करा. मिनिटाला २०० शब्द या बेताच्या गतीनेही २,७५० शब्द १४ मिनिटांत वाचून होतात. उरलेली ४६ मिनिटं जातात कुठे? उत्तराची जागा शोधण्यात आणि दोन पर्यायांमध्ये अडकून बसण्यात. म्हणजे ‘माझा वाचनाचा स्पीड कमी आहे’ ही तक्रार बहुतेक वेळा खरी नसते. वेळ नक्की कुठे जातो ते शोधावं लागतं, आणि ते नवा पेपर सोडवून कळत नाही. सोडवलेला पेपर पुन्हा उघडला तरच कळतं.

दुसरा हिशोब बँडचा, म्हणजे ९ पैकी मिळणाऱ्या श्रेणीचा. अ‍ॅकॅडमिकमध्ये साधारण २३ बरोबर म्हणजे ६ आणि ३० बरोबर म्हणजे ७. जनरलमध्ये उतारे सोपे, म्हणून मोजमाप कडक: ३० ला ६ आणि ७ साठी ३४. कॅनडासाठी सीएलबी (भाषेची पातळी मोजण्याची तिथली पट्टी) ९ हवा असणाऱ्यांना रीडिंगमध्ये ७ लागतो, त्यांनी हा ३४ चा आकडा धरून चालावं. अ‍ॅकॅडमिकमध्ये २३ वर अडकलेल्या विद्यार्थ्याच्या १७ चुका असतात. सगळ्या सुधारायच्या नाहीत, त्यातल्या फक्त सात सुधारायच्या आहेत. पण कोणत्या सात, हे माहीत हवं.

आता वेळ खाणारी चूक. विद्यार्थी पेपर सोडवतो, तालिका पाहतो, बरोबर-चूक मोजतो, बँड काढतो, ‘अरे हो, हे तर मला येत होतं’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी नवा पेपर घेतो. महिन्यात वीस पेपर होतात आणि बँड होता तिथेच राहतो. कारण उत्तर ‘सी’ आहे हे डोळ्यांना दिसलं की मन लगेच ‘सी’च्या बाजूने कारणं गोळा करतं आणि आपण ‘बी’ का लिहिलं हे कायमचं झाकलं जातं. पुढच्या पेपरात तोच ‘बी’ वेगळ्या कपड्यांत येतो आणि पुन्हा टिपला जातो.

शिवाय चांगले पेपर मोजकेच आहेत. केंब्रिजच्या अधिकृत सराव पुस्तकांत एका पुस्तकात चारच पेपर असतात. नेटवर पेपर ढिगाने मिळतात, पण त्यातल्या अनेकांचे प्रश्न कच्चे आणि तालिकाही चुकीच्या असतात. अशा पेपरांवर सराव केला की बरोबर विचार करणारा विद्यार्थीही स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. चांगला पेपर हा परीक्षेआधीचा शिधा आहे, तो पुरवून वापरायचा.

म्हणून आमच्याकडे असं चालतं. शनिवारी ६० मिनिटांत पेपर. सोडवताना ज्या उत्तराची खात्री नाही त्यापुढे टिंब द्यायचं. आम्ही फक्त फुल्या मारून पेपर परत देतो. किमान एक रात्र जाऊ द्यायची. मग फुली असलेले आणि टिंब असलेले प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवायचे. टिंब असलेलं उत्तर बरोबर आलं असलं तरी ते घ्यायचंच, कारण ते अंदाजाने लागलेलं आहे आणि खऱ्या परीक्षेत लागेलच असं नाही. प्रत्येक उत्तराखाली उताऱ्यातली ओळ पेन्सिलने अधोरेखित करायची. ओळ दाखवता आली नाही तर ते उत्तर धरायचं नाही. या कामाला दीड ते दोन तास लागतात, म्हणजे पेपर सोडवण्यापेक्षा जास्त. तेवढे लागायलाच हवेत. बुधवारच्या तासाला तालिका मिळते, तोवर नाही.

चुकांची वही ठेवायची. चार रकाने पुरतात: प्रश्नाचा प्रकार, मी लिहिलेलं उत्तर, उताऱ्यातली ओळ आणि कारण. कारणासाठी आम्ही चार खुणा वापरतो: शो, अ, ले, वे.

‘शो’ म्हणजे जागाच सापडली नाही. हे बहुधा प्रश्नातला शब्द जसाच्या तसा उताऱ्यात शोधल्यामुळे होतं. प्रश्नात ‘चीप’ असेल तर उताऱ्यात ‘लो कॉस्ट’ असतं, प्रश्नात ‘चिल्ड्रन’ तर उताऱ्यात ‘द यंग’. अशा जोड्या वहीच्या मागच्या पानावर समोरासमोर लिहा. आठ-दहा पेपरांत तुमचाच शब्दसंग्रह तयार होतो आणि तो पाठ केलेल्या याद्यांपेक्षा जास्त कामी येतो. माणसांची आणि गावांची नावं सहसा बदलत नाहीत, म्हणून आधी ती पकडा. सालाच्या बाबतीत जपा: प्रश्नातलं ‘१८५३’ उताऱ्यात ‘एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला’ असंही येऊ शकतं.

‘अ’ म्हणजे जागा सापडली, अर्थ चुकला. इथे दोष मोठ्या शब्दांचा क्वचितच असतो. ऑल, मोस्ट, ओन्ली, अनलेस, रादर दॅन हे चिमुकले शब्द गुण घेऊन जातात. तपासताना ते वाक्य मोठ्याने मराठीत बोला. ‘सगळे’ की ‘बहुतेक’, ‘फक्त’ कशाला लागतं, हे मराठीत बोललं की लगेच उघडं पडतं. पेपर सोडवताना मात्र मनात मराठी करत बसायचं नाही, तेवढा वेळ नसतो.

‘ले’ म्हणजे उत्तर माहीत होतं, लिहिताना घालवलं. दोन शब्दांपेक्षा जास्त नको असं सांगितलेलं असताना तीन लिहिले की गुण गेला. जोडरेषेचा शब्द एकच धरतात. ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं चालतात, पण चुकीचं स्पेलिंग चालत नाही, आणि अनेकवचनाचा ‘एस’ गाळला तरी उत्तर जातं. शब्द समोर छापलेला असताना असा गुण जाणं सगळ्यात जिव्हारी लागतं. ही चूक एका आठवड्यात थांबू शकते.

‘वे’ म्हणजे वेळ संपला. २०-२०-२० मिनिटं अशी वाटणी करू नका. उतारे सहसा चढत्या काठिण्याचे असतात, १७-२०-२३ ठेवा. एका प्रश्नावर दीड मिनिट गेलं की टिंब देऊन पुढे. शेवटच्या मिनिटाला एकही जागा रिकामी नको. लिसनिंगच्या कागदी परीक्षेत उत्तरं उतरवायला शेवटी १० मिनिटं मिळतात, रीडिंगमध्ये अशी सवलत नाही, हे निम्म्या नवीन मुलांना पहिल्या पेपरालाच कळतं.

आता सगळ्यात जास्त फुल्या जिथे पडतात तो प्रकार जवळून पाहू: ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन. दिलेलं विधान उताऱ्याशी जुळतं, उताऱ्याच्या विरुद्ध जातं की उताऱ्यात त्याबद्दल काहीच नाही, हे इथे ठरवायचं असतं. समजण्यासाठी उतारा मराठीत घेतो.

‘१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघालेल्या गाडीला तीन इंजिनं आणि चौदा डबे होते. गाडीत सुमारे चारशे निमंत्रित बसले होते.’

पहिलं विधान: ही गाडी एकाच इंजिनाने ओढली. हे फॉल्स, कारण उताराच सांगतो की इंजिनं तीन होती. दुसरं: गाडी ठरलेल्या वेळी ठाण्याला पोहोचली. नॉट गिव्हन, पोहोचण्याबद्दल एक अक्षरही नाही. तिसरं: ही भारतातली पहिली प्रवासी गाडी होती. इथे मुंबईतली बहुतेक मुलं ठामपणे ट्रू लिहितात. शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं, सीएसएमटीवरून रोज ये-जा असते, तारीखही ओळखीची. पण या दोन वाक्यांत ‘पहिली’ हा शब्द कुठे आहे? नाही. म्हणून नॉट गिव्हन. गोष्ट जगात खरी आहे की नाही हा प्रश्नच नव्हता, उताऱ्यात आहे का एवढंच विचारलं होतं.

फॉल्स आणि नॉट गिव्हन यांत घोळ झाला की एक कसोटी लावा. विधान ऐकून तुम्हाला उताऱ्यावर बोट ठेवून ‘नाही, खरं असं आहे’ असं म्हणता येतं का? ‘एक नाही, तीन’ असं म्हणता आलं, तर फॉल्स. ‘काय माहीत, सांगितलेलं नाही’ एवढंच म्हणता आलं, तर नॉट गिव्हन. येस, नो, नॉट गिव्हनलाही कसोटी हीच, फक्त तिथे माहितीऐवजी लेखकाचं मत तपासतात. या प्रकारात उत्तरं उताऱ्याच्या क्रमानेच येतात. चौथ्याची आणि सहाव्याची जागा सापडली असेल तर पाचव्यासाठी अख्खा उतारा पालथा घालू नका, त्या दोघांच्या मधेच बघा.

परिच्छेदांना शीर्षकं जुळवायची असतील तर तो प्रश्न आधी घ्या, नाहीतरी परिच्छेद वाचायचेच आहेत. पहिल्याच ओळीवरून शीर्षक ठरवू नका, ‘बट’ किंवा ‘हाउएव्हर’नंतर परिच्छेद अनेकदा वळतो. ‘कोणत्या परिच्छेदात ही माहिती आहे’ हा प्रकार शेवटी ठेवा. तिथे क्रम नसतो, आणि सूचनेत तसं म्हटलं असेल तर एकच अक्षर दोनदाही येतं.

कॉम्प्युटरवर परीक्षा देणार असाल तर शेवटचे तीन-चार पेपर स्क्रीनवरच सोडवा. डावीकडे उतारा, उजवीकडे प्रश्न, आणि दोन्ही वेगवेगळे सरकवायचे, याला हात बसावा लागतो. मजकूर निवडून हायलाइट करता येतो. त्याचा उपयोग नावं आणि सालं रंगवण्यापुरताच करा, नाहीतर अख्खं पान पिवळं होतं.

लोकलमध्ये काय करावं, हे डोंबिवली-बदलापूरहून येणारे नेहमी विचारतात. नवा पेपर गर्दीत उघडू नका. तपासून झालेल्या उताऱ्याचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि तोच पुन्हा वाचा. अडखळायला झालेली वाक्यं दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात सरळ होतात. उभं राहूनही हे जमतं.

परीक्षा होऊन फक्त रीडिंगच कमी आलं, तर कॉम्प्युटरवर परीक्षा दिलेल्यांना ६० दिवसांच्या आत एकच विषय पुन्हा देता येतो. ज्या विद्यापीठाला किंवा कार्यालयाला निकाल पाठवायचा आहे ते असा निकाल स्वीकारतात का, हे पैसे भरण्याआधी त्यांनाच विचारून घ्या. त्या मधल्या दिवसांत वीस नवे पेपर नकोत, जुन्या वहीतल्या ‘शो’ आणि ‘अ’च्या ओळी पुरेशा आहेत.

रीडिंगची बॅच आठ जणांचीच असते, कारण प्रत्येकाची वही आम्ही स्वतः वाचतो आणि त्याहून जास्त वह्या नीट वाचून होत नाहीत. बारा आठवडे, बारा पेपर. पालकांना बारा कमी वाटतात. त्यांनी मुलाची वही मागून चौथ्या आणि दहाव्या आठवड्याची पानं शेजारी ठेवून पाहावीत.

आमच्याकडे नाव घातलेलं नसलं तरी दादरला शनिवारी दुपारी चार ते सहा या वेळात सोडवलेला एक पेपर घेऊन या. आम्ही फुल्या मारून, कारणांच्या खुणा लावायला शेजारी बसून शिकवतो, त्याची फी घेत नाही. येताना उताऱ्याचं पान बरोबर हवं, नुसती उत्तरं आणली तर काही सांगता येत नाही. आणि त्या पेपरची तालिका पाहिलेली नसावी.