अर्थगट आणि प्रसंगगट : इंग्रजी शब्द शिकवताना होणारी एक गल्लत

आठवी ते बारावीच्या मुलांना इंग्रजीतले वरच्या पातळीचे शब्द शिकवायचे म्हटले, की बहुतेक शिक्षक ते गटागटाने देतात, आणि ते योग्यच आहे. सुटे शब्द मुलांच्या डोक्यात टिकत नाहीत, हे वर्गात रोज उभ्या राहणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. घोळ होतो तो ‘गट’ या शब्दापाशी. एका वहीत ‘चालणे’ या मथळ्याखाली स्ट्रोल, सॉन्टर, ट्रज, प्लॉड, लिम्प, स्टॅगर, शफल असे सात शब्द उतरवलेले असतात. दुसऱ्या वहीत ‘न्यायालय’ या मथळ्याखाली अलेज, विटनेस, टेस्टिफाय, गिल्टी, व्हर्डिक्ट, अक्विट असे सहा शब्द असतात. दोन्ही वह्यांवर ‘विषयवार शब्दसंग्रह’ असेच लिहिलेले असते, परंतु या दोन गटांची जातकुळी वेगळी आहे, आणि कोणता गट आधी द्यावा व कोणता मागाहून, हे कळण्यासाठी त्यांतला भेद नीट समजून घ्यावा लागतो.

पहिल्या प्रकाराला आपण अर्थगट म्हणू. त्यातले शब्द एकाच अर्थाच्या छटा असतात, किंवा एकाच जातीच्या वस्तूंची नावे असतात. दुसरा प्रकार प्रसंगगटाचा. त्यातल्या शब्दांचे अर्थ एकमेकांसारखे नसतात, पण एखादा प्रसंग सांगू लागले की ते सगळे आपसूक लागतात. दोन्ही गट ओळखण्याची कसोटी सोपी आहे. एक वाक्य घ्यावे, त्यात एक जागा रिकामी सोडावी आणि गटातले शब्द तिथे आळीपाळीने घालून पाहावेत. सगळे शब्द त्याच जागेत बसले तर तो अर्थगट समजावा. ‘तो रस्त्याने अमुक गेला’ या जागेत वरचे सातही शब्द बसतात. न्यायालयाच्या गटात असे होत नाही: विटनेस हे माणसाचे नाव आहे, टेस्टिफाय ही त्याची क्रिया आहे, गिल्टी हे आरोपीचे विशेषण आहे. हे शब्द एका जागेसाठी भांडत नाहीत, ते एका वाक्यात शेजारी शेजारी नांदतात. अर्थगटातल्या शब्दांचे मात्र भाऊबंदांसारखे असते. जागा एक आणि हक्क सांगणारे सात.

हा भेद मला पुस्तकातून कळला नाही, तो एका निबंधाने शिकवला. मी नववीच्या वर्गाला वरची ‘चालण्या’ची यादी मोठ्या उत्साहाने दिली होती आणि प्रत्येक शब्दापुढे मराठी अर्थही लिहून दिला होता. पंधरा दिवसांनी आषाढी वारीवर निबंध लिहायला सांगितला. एका चांगल्या, मन लावून अभ्यास करणाऱ्या मुलाने लिहिले, ‘द वारकरीज स्टॅगर टु पंढरपूर.’ स्टॅगर म्हणजे झोकांड्या खात, तोल जात चालणे. त्या मुलाला म्हणायचे होते ट्रज, म्हणजे दमूनभागून, जड पावलांनी, तरीही न थांबता चालत राहणे. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, “सर, दोन्हींचा अर्थ कष्टाने चालणेच आहे ना?” त्याचे चुकले नव्हते. मीच सातही शब्द एका दिवशी, एका मथळ्याखाली, एकाच मराठी क्रियापदाला बांधून दिले होते. ते त्याच्या मनात एकाच खुंटीवर टांगले गेले आणि निबंध लिहिताना जो हाताला लागला तो त्याने काढला.

या गोंधळाचा शिस्तशीर अभ्यास झालेला आहे. थॉमस टिंकम यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शिकणाऱ्यांना काही बनावट शब्द अर्थासह पाठ करायला दिले. कपड्यांच्या नावांसारखे एकाच जातीचे अर्थ एकत्र दिले, की ते पाठ व्हायला परस्परांशी संबंध नसलेल्या अर्थांपेक्षा जास्त वेळा घोकावे लागले. रॉब वॉरिंग यांनी जपानी भाषकांवर हा प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि 1997 साली तसाच निष्कर्ष मांडला. त्याच वर्षी टिंकम यांनी पुढचे पाऊल टाकले: बेडूक, तळे, उडी मारणे अशा, एका चित्रात मावणाऱ्या अर्थांचे गट त्यांनी तपासले, तेव्हा अर्थगटामुळे शिकण्याला खीळ बसते आणि प्रसंगगटाचा मात्र हातभार लागतो, असे दिसले. मानसशास्त्रात या अडथळ्याचे कारण स्मृतींची परस्पर-बाधा हे सांगतात. दोन नव्या गोष्टी एकाच खुणेला जोडल्या गेल्या, की ती खूण आठवताच दोन्ही उठतात आणि एकमेकींना रेटतात. अर्थात हे प्रयोग बनावट शब्दांवर आणि पाठांतरावर झालेले होते, आणि पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हा परिणाम इतका ठळक आढळलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही जे शब्द मुलांनी पूर्वी कधी ऐकलेलेच नाहीत, त्यांच्याबाबतीत हा इशारा मी पूर्णपणे मानतो, कारण वर्गातला अनुभव त्याला दुजोरा देतो.

आपल्या मातृभाषेकडे पाहिले तरी हेच दिसते. मुसमुसणे, हुंदके देणे, स्फुंदणे, भोकाड पसरणे, हंबरडा फोडणे, टिपे गाळणे हे सगळे रडण्याचेच प्रकार आहेत आणि कोणताही मराठी माणूस त्यांची अदलाबदल करत नाही. भोकाड पसरते ते खेळणे न मिळालेले मूल आणि हंबरडा फोडते ती मूल गमावलेली आई. हे आपल्याला कोणी तक्ता देऊन शिकवलेले नाही. एकेक शब्द वेगळ्या दिवशी, वेगळ्या घरात, वेगळ्या माणसाच्या तोंडून आपल्या कानावर पडला आणि त्या प्रसंगाचा रंग घेऊनच मनात राहिला. छटांची जाण नंतर आली. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला मात्र सॉब, वीप, व्हिम्पर आणि वेल हे चारही शब्द आपण पहिल्याच तासाला रांगेत उभे करून दाखवतो, आणि त्यांतला फरक त्याने ओळखावा अशी अपेक्षा धरतो.

विरुद्धार्थी शब्दांच्या जोड्या हा अर्थगटाचाच सर्वांत फसवा नमुना आहे, कारण त्या दिसायला नेटक्या असतात. बॉरो आणि लेंड या साध्या जोडीत दहावीपर्यंतची मुले अडकतात, ती मराठीमुळेही. आपल्याकडे ‘उसने’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, फक्त घेणे किंवा देणे बदलते. त्यामुळे ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन’ हे वाक्य अगदी सहज तोंडातून जाते. वरच्या पातळीवर इमिग्रेट (दुसऱ्या देशात येऊन वसणे) आणि एमिग्रेट (आपला देश सोडून जाणे) यांचे तसेच होते. तिथे तर अर्थही जवळचे आणि उच्चारही जवळचे, म्हणजे दुहेरी संकट. अशा जोडीतला जास्त लागणारा शब्द आधी एकटा शिकवावा, तो मुलांच्या लिहिण्या-बोलण्यात रुळू द्यावा आणि मग काही आठवड्यांनी त्याचा जोडीदार आणावा. वेलिंग्टनमध्ये अध्यापन केलेले शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांनीही साधारण असाच सल्ला दिलेला आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो टाकाऊ नाही. आपल्या परंपरेत अमरकोश पाठ करवून घेत असत आणि अमरकोश म्हणजे तर पर्यायी शब्दांचाच साठा. मग ती पद्धत चुकीची होती का? अमरकोशाची रचना नीट पाहिली तर उत्तर सापडते. त्याची तीन कांडे आहेत आणि कांडांमध्ये वर्ग आहेत: स्वर्गवर्ग, वारिवर्ग, भूमिवर्ग, वनौषधिवर्ग, मनुष्यवर्ग. म्हणजे बाहेरची चौकट विषयाची आहे आणि आतले श्लोक पर्यायी शब्दांचे आहेत. शिवाय कमळाची दहा नावे पाठ करणाऱ्याला बहुतेक वेळा त्यांतले वृत्तात बसेल ते निवडायचे असे, वस्तू तीच राहत असे. छंदामुळे शब्दांचा क्रम पक्का होई आणि जोडीला काव्यवाचन चालू असे. इंग्रजीतल्या फ्रूगल आणि स्टिन्जी या शब्दांची अशी अदलाबदल करता येत नाही. एक काटकसरी आहे आणि दुसरा चिक्कू. एखाद्याच्या आजोबांना स्टिन्जी म्हटले तर तो दुखावला जाईल. रॉजे यांचा 1852 साली निघालेला इंग्रजी पर्यायकोशही कल्पनांनुसार लावलेला आहे, पण शब्द आधीपासून ओळखीचा असून ऐन वेळी आठवत नाही, अशा लिहिणाऱ्यासाठी तो उपयोगाचा. नवशिक्याला तो उघडून दिला तर स्टॅगर करत पंढरपूरला जाणारे वारकरीच हाती लागतील.

दुसरा आक्षेप परीक्षांचा. एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, प्रवेश परीक्षेत इंग्रजीला 200 गुण असतात आणि समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न त्यात येतात, म्हणून शिकवण्या समानार्थी शब्दांच्याच याद्या छापून देतात. परीक्षा ज्या आकारात प्रश्न विचारते, त्याच आकारात शिकले पाहिजे, हा समज मला पटत नाही. चार पर्यायांतून एक ओळखायला ज्याला तो शब्द प्रसंगासह माहीत आहे, त्याला कमी वेळ लागतो आणि तो कमी फसतो.

प्रसंगगट कसा असतो, हे त्या वारीच्याच उदाहरणाने दाखवतो. पुढच्या वर्षी मी यादीपासून सुरुवात केली नाही. पुण्याहून सासवडकडे जाताना ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढते, ते दृश्य फळ्यावर चार रेघांत काढले आणि मुलांना विचारले, की हे इंग्रजीत सांगायला काय काय लागेल? त्यातून आठ शब्द निघाले: पिलग्रिम, प्रोसेशन, डिव्हाउट, चँट, स्टीप, ट्रज, ब्लिस्टर आणि हॉल्ट. दोन माणसांचे व समूहाचे, एक भक्तीचा, एक आवाजाचा, एक चढणीचा, एक चालीचा, एक पायाला आलेल्या फोडाचा, एक मुक्कामाचा. ‘द डिव्हाउट पिलग्रिम्स ट्रज्ड अप द स्टीप घाट’ हे वाक्य मुलांनीच बांधले, आणि ट्रज हा शब्द घाट, ऊन आणि फोड यांच्यासह त्यांच्या मनात बसला. शब्दांबरोबर त्यांची संगतही आली. चढणीला स्टीप म्हणतात, फोड आला हे सांगायला गेट हे क्रियापद वापरतात, हे वेगळे शिकवावे लागले नाही. पालखीसाठी पॅलंक्विन हा शब्द एका मुलीने कोशातून शोधून आणला. तो मी आनंदाने फळ्यावर लिहिला, पण चाचणीत विचारला नाही, कारण वारीबाहेर तो तिला क्वचितच भेटेल.

इथेच प्रसंगगटाच्या मर्यादाही दिसतात. प्रसंगाला शोभतो म्हणून एखादा दुर्मीळ शब्द गटात शिरतो आणि मुलांची शक्ती खातो. दुसरे म्हणजे, शब्द प्रसंगाला चिकटून बसतो: दुष्काळाच्या गटात यील्ड म्हणजे एकरी उत्पन्न असे शिकलेल्या मुलाला ‘त्यांनी दबावाला यील्ड केले’ हे वाक्य उमगत नाही. म्हणून तोच शब्द महिनाभरात दुसऱ्या प्रसंगात मुद्दाम आणावा लागतो. तिसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या 570 शब्दकुलांची, म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे अशा गटांची, यादी सिद्ध केली. त्यातले सिग्निफिकंट, डिराइव्ह, असेस असे शब्द कोणत्याच प्रसंगाचे नाहीत, कारण ते सगळ्याच विषयांत येतात. अकरावी-बारावीच्या मुलांना नेमकी यांचीच गरज असते. त्यांचा वेगळा गट करण्यापेक्षा प्रत्येक प्रसंगगटात असे दोन शब्द पेरावेत, हे मला सोयीचे वाटले आहे: दुष्काळाच्या धड्यात नुकसान असेस करायचे, न्यायालयाच्या धड्यात पुरावा सिग्निफिकंट आहे का ते ठरवायचे.

आणखी एका गोष्टीविषयी सावध राहावे. पुष्कळ तयार पुस्तकांत आणि मोबाइलवरच्या ॲपमध्ये मथळा प्रसंगाचा असतो आणि आत अर्थगट असतो. ‘विषय : भावना’ असे वर लिहायचे आणि खाली फ्युरिअस, आयरेट, लिव्हिड, इन्सेन्स्ड हे रागाचे चार भाऊबंद द्यायचे, याने विषय साधत नाही. मथळ्यावर विश्वास न ठेवता रिकाम्या जागेची कसोटी लावावी. गट बदलणे फारसे अवघड नसते. फ्युरिअस एवढाच ठेवावा आणि त्याच्याभोवती भांडणाचा प्रसंग उभा करावा: कोणी प्रोव्होक केले, कोण ओरडले, कोणाला मागाहून रिमोर्स झाला, कोणी रेकन्साइल केले.

मग अर्थगटाला जागाच नाही का? आहे, आणि किशोरवयीन मुलांसाठी ती फार चांगली जागा आहे, फक्त ती शेवटी आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना छटा तोलायला आवडते. ‘हट्टी’ आणि ‘ठाम’ यांत काय फरक, यावर ती तासभर वाद घालतात. ज्या शब्दांची वेगवेगळ्या प्रसंगांतून स्वतंत्र ओळख झालेली आहे, त्यांना एकत्र बोलावून समोरासमोर उभे करायचे, तेव्हा अर्थगट खरे काम करतो. ट्रज वारीत भेटला होता, स्ट्रोल समुद्रकिनाऱ्याच्या सहलीच्या धड्यात भेटला, लिम्प कबड्डीच्या सामन्याच्या वर्णनात आणि स्टॅगर एका भूकंपाच्या बातमीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी हे चारही शब्द फळ्यावर लिहिले आणि त्यांतला एकही न गाळता वारीवर पुन्हा एक परिच्छेद लिहायला सांगितले. एका मुलीने लिहिले, की दुपारच्या उन्हात एका म्हाताऱ्या वारकऱ्याला भोवळ आली आणि ते स्टॅगर करत झाडाच्या सावलीत जाऊन बसले. बाकीचे ट्रज करत पुढे गेले. स्ट्रोल तिने मुक्कामी पोहोचल्यावर, संध्याकाळी गावात फेरफटका मारणाऱ्या लहान मुलांना दिला. लिम्प तिने घातला नव्हता. समासात पेन्सिलीने मराठीत लिहिले होते, “सर, लंगडणारे कोणी मला दिसले नाही.”